पाचवीत नापास करून काय साधणार? रोज दीड तास इयत्ताच मोडा

गारगोटी
महाराष्ट्राने 2023 मध्ये आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे, नियम बदलले आणि पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही गेलं तर मूल त्याच वर्गात. 'आता पोरं अभ्यासाला लागतील' म्हणून बरेच जण खूश आहेत. मला ही आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी वाटते.

मुलांना वाचता येतं का, हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहण्या काढून बघा. ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही. म्हणजे गाडी दुसरी-तिसरीतच अडकली आहे. अशा मुलाला पाचवीत ठेवून आपण त्याच्या हातात पुन्हा पाचवीचंच पुस्तक देणार. एकदा वाचता आलं नाही, ते आता दोनदा वाचता येणार नाही.

माझं म्हणणं असं की तिसरी ते पाचवीला रोज दीड तास इयत्ता विसरायची. अक्षरवाले, शब्दवाले, उतारावाले असे गट करायचे. पाचवीचं मूल तिसरीच्या मुलाशेजारी बसलं तरी चालेल. 'प्रथम' ही संस्था हे बरीच वर्षं करते आहे आणि 2019 चं नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ बॅनर्जी-डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर ते मोजूनही पाहिलं आहे. त्यातला बिहारचा अनुभव तर आपल्याकडे प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवा. उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच शिकवलं आणि मुलांचं वाचन सुधारलं. शाळा सुरू झाल्यावर नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन पाहिलं, तर फरक दिसेना. शिक्षक सरकारीच होते, पण आता त्यांना पुस्तक संपवायचं होतं! पुढे हरयाणात वेळापत्रकातच वेगळा तास राखून ठेवला, तेव्हा सरकारी शिक्षकांच्याच हातून मुलांची भाषा सुधारली.

अनुस्वार
साफ असहमत. 2010 पासून आठवीपर्यंत कुणालाच नापास न करण्याची ढकलगाडी चालली, त्याचं फळ काय मिळालं? सर्वंकष मूल्यमापनाचं प्रगतीपुस्तक बघा. 'ब-1' श्रेणी, आणि शेजारी नोंद : 'कविता तालासुरात म्हणतो. वैयक्तिक स्वच्छता ठेवतो.' पोराला वाचता येतं की नाही, ते त्यात कुठेच नाही. आईबापाला हे कळतं नववीत, आणि तोवर पोरगं शाळा सोडायच्या बेताला आलेलं असतं. परीक्षा निदान खरं तरी सांगते. तुमच्या गटांत मूल वर्षभर 'शब्दवाले' राहिलं, तर घरी कोण सांगणार?

गारगोटी
नोंदींबद्दल शंभर टक्के सहमत, त्या बऱ्याचदा एकमेकांच्या वह्यांतून उतरवलेल्या असतात. पण खरं सांगायला नापास कशाला करायला हवं? पालकसभेत मुलाला आईसमोर एक उतारा वाचायला द्या. दोन मिनिटांत तिला सगळं कळतं, तिला स्वतःला वाचता येत नसलं तरी.

दोनशिक्षकी
वरची चर्चा वाचून थोडं हसू आलं. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, पट चौतीस, शिक्षक दोन. इयत्ता आमच्याकडे कधीच मोडलेली आहे हो, पर्यायच नाही. एका खोलीत तीन वर्ग बसतात. गट पाडणं अवघड नाही, ते दीड तास सलग मिळणं अवघड आहे. सकाळी पोषण आहाराची नोंद, मग यूडायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, मग कुणाचं तरी आधार जुळत नाही. दुपारी व्हॉट्सॲपवर लिंक, खाली 'आजच भरा, अन्यथा...' आणि निवडणुकीचं काम तर शिक्षण हक्क कायद्यातच बसवलेलं आहे, कलम 27 वाचा.

दुसरं, हे स्तर वगैरे नवीन नाही. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमात पायाभूत चाचण्या झाल्या, अप्रगत मुलं शोधली. काही ठिकाणी खरंच चांगलं काम झालं, साताऱ्याचं कुमठे बीट (तिथल्या शाळांचा गट) बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. मग वरून विचारणा सुरू झाली : तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, प्रगत शाळा किती? ज्या दिवशी आकडा मागितला, त्या दिवसापासून मुलं कागदावर भराभर प्रगत व्हायला लागली. तुमच्या गटांचंही तेच होईल.

शेवटचा बाक
माझी हरकत वेगळी आहे. 'अक्षरवाले' गटात कोण बसणार, हे आधीच सांगता येईल. बीडकडच्या एखाद्या तांड्यावरची शाळा घ्या. दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर, पोरंही बरोबर, ती परत येतात मार्च-एप्रिलात. त्यांचा गट कायमचा ठरलेला. महिनाभरात त्या गटाला वस्तीचंच नाव पडतं, आणि शिक्षकांच्याही तोंडी ते बसतं. निदान इयत्तेत सगळ्यांना 'चौथीतला' म्हणतात, त्या शब्दाला थोडी तरी इज्जत आहे.

डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं जिथे होती तिथे शाळा गेली. आपण मात्र 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या गोष्टी करत होतो. मुलाला बसमध्ये घालून लांब न्यायचं आणि वर विचारायचं, याचं वाचन कच्चं कसं?

गारगोटी
गटाला नाव पडण्याचा धोका खराच. म्हणून गट दर तीन-चार आठवड्यांनी मोडायला हवेत आणि उरलेला दिवस सगळ्यांनी आपापल्या वर्गातच बसायला हवं. पण ऊसतोडीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पाच महिने बाहेर राहून आलेलं मूल एप्रिलात पाचवीच्या परीक्षेला बसवायचं, जूनमध्ये फेरपरीक्षा घ्यायची आणि नापासाचा शिक्का मारायचा, यात त्याची कुठली इज्जत राहिली?

अनुस्वार
ऊसतोडीच्या मुलांना सवलत द्या, मान्य. म्हणून सगळ्यांची परीक्षा काढू नका. आणि तुमच्या त्या पालकसभेतल्या उताऱ्याबद्दल : तो निवडणार कोण? शाळेनेच निवडला तर पोरगं पाठ करून येईल. शेजारच्या शाळेच्या गुरुजींनी ऐनवेळी उतारा द्यावा आणि त्यांनीच ऐकावं, तर थोडा विश्वास बसेल.

दोनशिक्षकी
शेजारची शाळा चार किलोमीटरवर, मध्ये ओढा. पण केंद्राच्या शिक्षण परिषदेला आम्ही सगळे भेटतोच. तिथे पीपीटी बघत बसण्यापेक्षा उताऱ्यांची पाकिटं बदलून घेऊ. फक्त त्याची लिंक काढू नका.