'अनडिफाइन्ड रेफरन्स'मधलं 'अनडिफाइन्ड' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बांधण्याविषयी मराठीत टिपणं लिहितो आहे. कंपायलरचे संदेश उलगडून सांगता येतात, लिंकरपाशी (कंपायलरने काढलेल्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्यापाशी) गाडी अडते. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेमसेट' (मेमसेट म्हणजे मेमरीचा तुकडा एकाच मूल्याने भरणारं फंक्शन) याला 'मेमसेटचा अपरिभाषित संदर्भ' असं लिहून पाहिलं. व्याकरण ठीक, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय ज्या फाइलबद्दल तक्रार आहे तिच्यात मेमसेट हा शब्दच नाही, फक्त एक मोठं स्ट्रक्चर शून्याने भरलं आहे. मग हा संदर्भ आला कुठून? आणि 'अनडिफाइन्ड' कोणत्या अर्थाने?

प्रतिसाद १

संदर्भ कंपायलरनेच घातला. फ्रीस्टँडिंगचा (पूर्ण सी लायब्ररी धरू नकोस, असं सांगणारा) पर्याय दिला तरी मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही चार फंक्शनं कुठेतरी असतीलच, असं जीसीसी हा कंपायलर धरून चालतो. स्ट्रक्चर शून्य करायचं असलं किंवा एकातून दुसऱ्यात उतरवायचं असलं की त्यांचे कॉल तो आपणहून टाकू शकतो. साध्या प्रोग्रॅमला ती सी लायब्ररीतून मिळतात. कर्नलला ती लायब्ररी नाही, म्हणून चारही स्वतः लिहावी लागतात. (लिहिताना जपून. मेमसेटमधला लूप ओळखून ऑप्टिमायझर त्याच्या जागी मेमसेटचाच कॉल ठेवू शकतो, आणि मग फंक्शन स्वतःलाच बोलावत बसतं.) ३२-बिट एक्स८६वर ६४-बिट संख्यांचा भागाकार केला की '__यूडिव्हडीआय३' असं नाव समोर येतं, तेही याच जातीचं. ते लिबजीसीसी या जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीत असतं, आणि ती लायब्ररी आदेशात ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपायलरने काढलेल्या फाइलींच्या) नंतर लिहावी लागते. आधी लिहिली तर त्या क्षणी ते नाव कुणी मागितलेलंच नसतं, म्हणून लिंकर ती तशीच ओलांडून जातो.

आता शब्द. कंपायलर 'अनडिक्लेअर्ड' म्हणतो तेव्हा ते नाव त्याने ऐकलेलंच नसतं. लिंकर 'अनडिफाइन्ड' म्हणतो तेव्हा नाव माहीत आहे, कुणीतरी मागितलंही आहे, पण दिलेल्या एकाही फाइलीत त्याला जागा दिलेली नाही. ऑब्जेक्ट फाइलीतली नावं दाखवणारं एनएम चालवून पाहा: जिथे 'यू' दिसेल ती मागणी, जिथे मोठ्या लिपीतला (कॅपिटल) 'टी' दिसेल तो कोडमधला पुरवठा. 'अनडिफाइन्ड बिहेवियर'मधला (ज्याचा परिणाम भाषेच्या नियमांनी ठरवलेला नाही अशा कोडबद्दलचा) 'अनडिफाइन्ड' मात्र तिसराच, त्याचा लिंकरशी संबंध नाही. तिन्हींना एकच मराठी शब्द लावलात तर टिपणं वाचणारा हमखास गोंधळेल.

प्रतिसाद २

'जागा दिलेली नाही' आवडलं, पण अर्धंच खरं आहे. पुष्कळदा जागा दिलेली असते, नाव जुळत नसतं. केमेन हे फंक्शन सी++ मध्ये लिहिलं की ऑब्जेक्ट फाइलीत ते '_झेड५केमेनव्ही' होऊन बसतं. असेंब्लीतला बूट कोड साधं 'केमेन' मागतो, त्याला काहीच सापडत नाही. इलाज 'एक्स्टर्न सी', म्हणजे नाव सीसारखं साधंच ठेव असं सांगणं. तसंच फंक्शन स्टॅटिक असेल तर एनएममध्ये 'टी' धाकट्या लिपीत दिसतो. ते त्या फाइलीपुरतं, बाहेरच्याची मागणी त्याच्याकडून भागत नाही. म्हणून 'या नेमक्या नावाला' हे शब्द वाक्यात हवेतच. 'अपरिभाषित' तर नकोच. परिभाषा म्हटलं की कोशातली नोंद आठवते.

प्रतिसाद ३

शब्दांचं निघालंच आहे तर 'रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट' घ्या. माझ्या मते यानेच सर्वांत जास्त दिशाभूल होते. 'पुनर्स्थापन' म्हटलं की वाटतं काहीतरी हलवलं. इथे काही हलत नाही. रिलोकेशन ही ऑब्जेक्ट फाइलीतली सूचना: पत्ता ठरला की या ठिकाणी, या पद्धतीने भर. भरायचा खण ३२ बिटांचा आणि पत्ता त्यात मावेना, एवढाच संदेशाचा अर्थ. 'ट्रंकेटेड'वरून कापून बसवल्यासारखं वाटतं, पण ही चूक म्हणूनच नोंदली जाते आणि लिंक फसते.

कर्नलमध्ये हे कायम भेटतं, कारण ६४-बिट एक्स८६वर ते बहुधा पत्त्यांच्या अगदी वरच्या २ गिगाबाइटमध्ये लिंक करतात. कंपायलरचं नेहमीचं गृहीत खालच्या २ गिगाबाइटचं असतं. कंपायलरला 'एमसीमॉडेल' हा पर्याय 'कर्नल' या मूल्यासह दिला की तो वरच्या टोकाचे पत्ते धरून कोड काढतो. असेंब्लीला हा पर्याय लागू नाही. संदेशात शेवटी '३२एस' आहे की नुसतं '३२', ते आधी बघा. 'एस' असेल तर खणातली संख्या चिन्हासकट ६४ बिटांपर्यंत ताणली जाते, म्हणून वरच्या टोकाचा पत्ता मावतो. नुसत्या '३२'मध्ये पुढचे बिट शून्य धरतात, तो मावत नाही. पेजिंग (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांना जोडणारी सोय) सुरू होण्याआधीच्या ३२-बिट बूट कोडमध्ये वरच्या पत्त्याचं लेबल थेट वापरलं की हेच होतं. तिथे कर्नलचा आभासी पाया वजा करून भौतिक पत्ता द्यायचा.

प्रतिसाद ४

'मल्टिपल डेफिनिशन' राहिलं. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' न लावता ग्लोबल व्हेरिएबल लिहिलं की ते प्रत्येक फाइलीत तयार होतं. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून 'एफनोकॉमन' (अशी एकाच नावाची व्हेरिएबलं एकत्र न करण्याचा पर्याय) मुळातच चालू असतं, त्यामुळे तोवर निमूट बांधली जाणारी जुनी कर्नलं त्यानंतर बोलायला लागली. इथे 'एकाच नावाला दोन जागा' बरोबर बसतं.

मूळ प्रश्नकर्ता

मग लिंकर स्क्रिप्टमध्ये (काय कुठे ठेवायचं ते लिंकरला सांगणाऱ्या फाइलीत) मी 'कर्नल_एंड' लिहून त्याला चालू ठिकाण दिलं, त्याला जागा मिळाली म्हणायची का? सीमधून वाचलं तर भलतीच संख्या येते.

प्रतिसाद १

जागा नाही, फक्त पत्ता मिळाला. त्या नावामागे साठवलेलं काहीच नाही. सीमध्ये ते 'एक्स्टर्न' कॅर अॅरे म्हणून जाहीर करा आणि नुसतं नाव वापरा. आत डोकावलंत तर त्या पत्त्यावर जे पडलं असेल तेच वाचाल. त्यामुळे आधी लिहिलेलं 'जागा' मागे घेऊन 'पत्ता' म्हणू: 'मेमसेट या नावाला कुणी पत्ता दिलेला नाही.'

प्रतिसाद २

चालेल. स्क्रिप्टमध्ये कुणी दोन लेबलांची वजाबाकी करून कर्नलचा आकार एखाद्या नावाला दिला तर 'पत्ता'ही लंगडा पडतो. एनएम अशा निव्वळ संख्येपुढे 'ए' दाखवतो. त्यासाठी टिपणात वेगळी ओळ लिहा, शब्द बदलू नका.