निर्जळीचा आग्रह कशासाठी? (हरितालिकेच्या आदल्या दिवशी, घरच्या ग्रुपवर)

मोठी काकू: उद्या हरितालिका. पूजा नेहमीप्रमाणे आमच्याकडे. पत्री आली आहे, वाळू धुऊन ठेवली आहे. उपास निर्जळी असतो, हे सुनांनी लक्षात ठेवा.

वहिनी: काकू, मला सातवा चालू आहे. पाणी प्यायलं तर चालेल का?

मोठी काकू: अगं, मी दोन्ही वेळा पोटुशी असताना निर्जळी केलंय. एका दिवसाने काही होत नाही. देवासाठी थोडं सोसायचं असतं.

आत्या: सोसलं तर फळ. पार्वतीने चौसष्ट वर्षं झाडाची पिकली पानं खाऊन काढली, कहाणीतच आहे. आमच्या आईच्या वेळी तर थुंकीसुद्धा गिळायची नाही, असं होतं.

मंजूताई: वहिनी, तू पाणी प्यायलाच हवंस, आणि वेळेवर खायलाही हवंस. सातव्या महिन्यात अंगात पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते, कळा सुरू झाल्यासारखं पोट आवळून येतं. काकू, तुम्हाला त्रास झाला नाही ही देवाची कृपा. पण एकीला झाला नाही म्हणून दुसरीला होणार नाही असं कुठे असतं?

आणि हा दिवस काही बसून काढायचा नसतो. दुसऱ्या दिवशी गणपती. नारळ खोवायचे, सारण परतायचं, पिठी चाळायची, मखराची जागा पुसून घ्यायची, हे सगळं त्या निर्जळी बाईच्याच अंगावर. रात्री जागरण, पहाटे उत्तरपूजा, पिंडीचं विसर्जन, की पुन्हा गॅससमोर उकड काढायला उभी. आईला मी ओट्याची कड धरून उभी राहिलेली पाहिलंय. विचारलं की म्हणायची, 'काही नाही गं, उपासाचं आहे.' घरात तेव्हा चार धडधाकट पुरुष होते. नारळ कुणीही खोवला असता.

आत्या: अगं पण तेच तर व्रत. सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं.

मंजूताई: आत्या, तू पार्वतीचं नाव घेतलंस म्हणून सांगते. कालिदासाच्या कुमारसंभवात पाचव्या सर्गात ती तप करत असते आणि शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेशात तिच्याकडे येतात. आल्या आल्या चौकशी कसली करतात? समिधा-दर्भ मिळतात ना, आंघोळीला पाणी बरं आहे ना, आणि मग, 'अपि स्वशक्त्या तपसि प्रवर्तसे, शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्.' झेपेल इतकंच तप करतेस ना, शरीर हेच धर्माचं पहिलं साधन आहे. ज्याच्यासाठी ती सुकत होती त्यानेच हे विचारलं. आणि आपण सात महिन्यांच्या बाईला पाण्याचा घोट द्यायचा की नाही यावर बोलतोय.

आप्पा: श्लोक बरोबर आहे. पण त्याच सर्गाच्या शेवटी शंकर म्हणतात, आजपासून मी तुझा दास, तपाने विकत घेतलेला. म्हणजे अखेर फळ तपालाच मिळालं, मंजू. अर्धाच श्लोक सांगून चालणार नाही.

मंजूताई: खरं आहे आप्पा, आणि मला ते नाकारायचं नाही. पण ते तप तिला लावलं कुणी? कुणीच नाही. आई मेना तर जाऊ नकोस म्हणून अडवत होती. हरितालिकेच्या कहाणीतही तेच. वडिलांनी विष्णूशी लग्न ठरवलं, तिला ते नको होतं, म्हणून सखीबरोबर ती रानात गेली आणि वाळूची पिंड करून पूजा केली. नवरा कुठला हवा हे मुलीने स्वतः ठरवलं, घरच्यांच्या मनाविरुद्ध जाऊन ते तडीस नेलं. माझ्या दृष्टीने या व्रताचा प्राण तोच आहे. आपण तिचं ठरवणं सोडून दिलं आणि उपाशी राहणं तेवढं धरून ठेवलं. उद्या निर्जळी करणाऱ्यांपैकी कितीजणींना कुणी विचारलंय, तुला करायचंय का म्हणून?

दुसरं, ती धमकी. कहाणीच्या शेवटी येतं ना, या दिवशी जी खाईल ती जन्मवंध्या होईल, विधवा होईल, दारिद्र्य येईल, पुत्रशोक होईल. नऊ-दहा वर्षांच्या मुली मांडी घालून हे ऐकत असतात. मी त्या वयात ऐकलंय आणि भीतीने दुपारभर नळाकडे गेले नव्हते. ती भक्ती नव्हती. ज्या बाईला मूल नाही तिने हे हात जोडून ऐकायचं, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल? आपल्याच घरात अशा दोघी बसलेल्या असतात, आणि आपण त्यांच्यासमोर ते मोठ्याने वाचतो.

धाकटी काकू: मंजू, बरं झालं कुणीतरी बोललं. मी दर वर्षी त्या ओळींना खाली बघते.

मोठी काकू: कुणाला दुखवायचं म्हणून कुणी वाचत नाही गं. पोथीत आहे म्हणून वाचतो.

आप्पा: गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे, हेही सांगायला हवं. आणि तिथे वाणीचं तप सांगितलंय ते असं, दुसऱ्याला उद्वेग होणार नाही, असं खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं.

आत्या: पण व्रत घेतलं आणि मोडलं तर? मला तर धास्ती वाटते बाई.

मंजूताई: आत्या, त्याचीही सोय जुन्या लोकांनी करून ठेवली आहे. 'अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः' असा श्लोक आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही. यादीत पहिलं नाव पाण्याचं आहे बघ. गर्भिणीला आणि बाळंतिणीला तर उपासाऐवजी नक्त, म्हणजे फक्त रात्री जेवणं, करायला सांगितलंय. अडचण असेल तर प्रतिनिधीने व्रत करावं असंही आहे, आणि त्यात नवराही येतो.

दादा: मग मी करतो की हिच्या वतीने. नारळही मी खोवतो.

मोठी काकू: पुरुषाने हरितालिका? ऐकलं नव्हतं कधी. नारळ खोव, त्याला माझी ना नाही.

मोठी काकू: मंजू, तुझं सगळं वाचलं. सूनबाईने पाणी प्यावं, दूध-फळं घ्यावीत, मी काही म्हणणार नाही. ते धमकीचं वाचायचं नसेल तर उद्या गाळू. पण माझ्याबद्दल एक सांगते. मला हे कुणी लादलेलं नाही. वर्षभर सगळ्यांचं खाणंपिणं बघते, हा एक दिवस मी माझ्यासाठी बसते. रात्री त्या पिंडीसमोर जे शांत वाटतं ते मला एरवी मिळत नाही. ते तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

मंजूताई: काकू, तसं मी कधीच करणार नाही. तुम्ही स्वतःच्या मनाने बसता, म्हणून तुमच्या उपासाला मी मनापासून नमस्कार करते. पण तुम्ही साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेता. ती गोळी घेऊन दिवसभर पोटात काही नसेल तर साखर झपाट्याने उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं, आणि रात्री जागरणात कुणाला वाटेल झोप आली असेल. आपल्या मनाने गोळी बंद करणंही बरोबर नाही. आज रात्रीच डॉक्टरांना विचारा. साखर बघायचं मशीन मी घेऊन येते. सत्तरच्या खाली गेली तर तिथेच साखरपाणी घ्यायचं, पूजा चालू असली तरी.

मोठी काकू: दादाला सांग डॉक्टरांना फोन करायला. ते नको म्हणाले तर दूध-फळं घेईन. पण पूजेआधी मी पाणी पिणार नाही, आत्ताच सांगते.

मंजूताई: मग पूजा लवकर ठेवू. सकाळी सातला सुरू करू, म्हणजे आठच्या आत होईल. वहिनी, तू घरून खाऊन ये. दादा, डॉक्टर काय म्हणाले ते इथेच लिही, मी जागी आहे.