बांबूला नुसतं व्हार्निश पुरत नाही
या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की अंगणातल्या बांबूच्या बारच्या (पेयांच्या काउंटरच्या) खांबांना दोन हात व्हार्निश मारलं की काम झालं, ते मला अजिबात पटत नाही. व्हार्निश बाहेरून बसतं आणि बांबू पोखरणारा भुंगा आतला स्टार्च खातो, आमच्याकडे सावंतवाडीला मागच्या अंगणात काउंटरवर रोज सकाळी खांबाखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडलेली दिसायची, व्हार्निश मात्र वरून चकचकीत. त्यामुळे बांबू उभा करायच्या आधीच औषधात भिजवा, १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड, लांब सळईने आतल्या गाठी फोडून आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. पोकळ बांबूपेक्षा माणगा (कोकणातली बांबूची एक जात) मिळाला तर फारच उत्तम, जवळजवळ भरीव असतो, स्क्रूही चांगला धरतो.

पण हे औषध पावसाच्या पाण्याने धुऊन जातं हे इथे कुणीच लिहिलं नाहीये! म्हणून खांब थेट मातीत गाडू नका, चिऱ्याच्या जोत्यावर बसवा आणि छपराची वळचण चांगली दोन-अडीच फूट बाहेर काढा. व्हार्निश मग हवं तर सगळ्यात शेवटी.