ऑटोमॅटिक गाडी 'डी' टाकताच बंद पडते. गिअरबॉक्स उघडू का?

घाटवाट
मंडळी, सल्ला हवाय. गाडी २०११ ची पेट्रोल सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारी) चार गिअरची ऑटोमॅटिक, सेकंड हँड घेतलेली. 'पी' (पार्किंग) आणि 'एन' (न्यूट्रल) मध्ये कितीही वेळ चालू ठेवा, तक्रार नाही. ब्रेक दाबून 'डी' (पुढे) किंवा 'आर' (मागे) टाकला की आरपीएमचा काटा खाली येतो, गाडी थरथरते आणि बंद. एसी चालू असेल तर हमखास. टाकता टाकता जरा रेस दिली तर तगते, आणि मग रस्त्यावर व्यवस्थित पळते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. एक गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल, पन्नास हजारांच्या वर जाईल. दुसरा म्हणतो बॅटरी बदला. कोथरूडकडे ऑटोमॅटिकचं काम जाणणारा कुणी आहे का?

भटका_टायर
+१. माझीही गिअर टाकला की बंद पडते, पण मॅन्युअल आहे. क्लच तळापर्यंत दाबला तरी पहिला टाकताना खर्र आवाज आणि धक्का.

निवृत्त_फोरमन
टायरराव, तुमचं दुखणं वेगळं. तुमचा क्लच सुटत नाहीये. क्लच हायड्रॉलिक असेल तर डबीतलं ऑइल बघा, पेडलच्या मुळाशी आणि गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरपाशी ओल आहे का बघा. केबल असेल तर ताण बघा.

घाटवाट, गिअरबॉक्स अजिबात खोलू नका. गाडी पळते, गिअर वेळेवर पडतात, मग त्याचा दोष कशावरून? 'डी' टाकून ब्रेकवर उभं राहिलं की कन्व्हर्टरचा भार इंजिनावर येतो. निरोगी इंजिन थोडी जास्त हवा घेऊन तो पेलतं. तुमचं आयडलिंगच (रेस न देता इंजिनाचं जागेवर फिरणं) अशक्त आहे, म्हणून एसीचा भार वाढला की लगेच मान टाकतं. थ्रॉटल बॉडीत (इंजिनाला हवा सोडणाऱ्या झडपेत) कार्बन, आयडल व्हॉल्व्ह अडकलेला किंवा कुठेतरी व्हॅक्यूम गळती (फटीतून जादा हवा आत शिरणं), या तिघांत उत्तर असण्याची शक्यता मोठी.

पण त्याआधी फुकटची एक परीक्षा. ऑटोमॅटिकमध्ये 'पी'मधून बाहेर पडायला ब्रेक दाबावाच लागतो. म्हणजे गाडी गिअरमुळे बंद पडते की ब्रेकमुळे, हे तुम्ही अजून वेगळं केलेलंच नाही! हँडब्रेक ओढा, चाकांना पुढे-मागे विटा लावा, 'एन'मध्ये ठेवून नुसता ब्रेक दाबून धरा. काटा पडला किंवा पायाशी फुस्स आवाज आला, तर ब्रेक बूस्टर (पेडलवरचा जोर वाढवणारा डबा) हवा खातोय. बूस्टर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवरच चालतो. तो फुटला की इंजिनात मोजमापाबाहेरची हवा शिरते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं.

सर्किट_ताई
काकांच्या यादीत थोडी भर. स्वस्तातलं ओबीडी डाँगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं) लावून मोबाइलवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. दिवा लागला नाही म्हणजे आकडे ठीक आहेत असं नसतं. आयडलिंगला ट्रिम अधिक दहा-पंधरा टक्के आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, असं दिसलं तर व्हॅक्यूम गळतीच समजा. वेग वाढला की एकूण हवा इतकी जास्त होते की गळतीचा वाटा किरकोळ ठरतो. दोन्हीकडे अधिकच राहिलं तर इंधनाचा दाब किंवा हवेचा सेन्सर तपासा.

आणि कृपया गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू नका. युट्यूबवर सगळे करतात, पण ते पेटतं.

पेठेतला_पाना
लॉकअप सोलेनॉइड (कन्व्हर्टर इंजिनाशी थेट जोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) अडकला असेल तर? कन्व्हर्टर लॉक राहिला की अशीच बंद पडते.

निवृत्त_फोरमन
पडते, पण तेव्हा सिग्नलला थांबतानाही पडते, क्लच न दाबता मॅन्युअल थांबवावी तशी. शिवाय थोडी रेस देऊन तगत नाही, गचका देऊन पुढे उडी मारते. यांची तक्रार तशी वाटत नाही. तरी गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी बघा, आणि जळका वास आहे का तेही. तेवढं पाच मिनिटांत होतं.

घाटवाट
काका, 'एन'मध्येच केलं. ब्रेक दाबला की काटा सपकन खाली, पेडलच्या वर फुस्स आवाज. पाय काढला की परत सरळ. थांबताना कधीच बंद पडत नाही, पण तेव्हा इंजिन आधीच जरा फिरतं असतं.

सर्किट_ताई
सापडला! खात्री करायला बूस्टरची नळी मॅनिफोल्डकडून काढा आणि ते तोंड घट्ट बंद करा. मग 'डी' टाकून बघा. पण पेडल दगडासारखं कडक होईल, पूर्ण जोर लावावा लागेल. हँडब्रेक, विटा आणि समोर मोकळी जागा असल्याशिवाय करू नका. अशी गाडी रस्त्यावर तर नेऊच नका.

घाटवाट
केलं. एसी लावूनही बंद पडली नाही! आता कबाडीतून जुना बूस्टर आणू का? नव्याच्या पाव किमतीत मिळतोय.

निवृत्त_फोरमन
आरसा, दिवा, दरवाजा कबाडीतून खुशाल आणा. बूस्टर नको. आतला रबरी पडदा किती सुकलाय ते बाहेरून दिसत नाही. नवा घ्या, सोबत नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) बघून घ्या. काम चालू असताना थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पाकळी बोटाने ढकलू देऊ नका, आणि नंतर आयडल पुन्हा शिकवायला सांगा, नाहीतर आरपीएम वर-खाली होत राहील.

गॅरेजबद्दल: नाव मी कुणाचंच देत नाही. आधी विचारा, व्हॅक्यूम गेज आहे का. मुंबईत निरोगी इंजिन आयडलिंगला १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं, पुण्यात उंचीमुळे दीड-दोन इंच कमी. हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडे गाडी द्या. पाहता क्षणी गिअरबॉक्स म्हणणाऱ्याकडे नको.

भटका_टायर
माझी डबी जवळजवळ रिकामी निघाली. गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरचं रबर उचललं तर आत ऑइल साचलंय. नुसतं ऑइल भरून आठवडा काढू का?

निवृत्त_फोरमन
भर रहदारीत पेडल तळाला जाईल. सिलिंडर बदला, हवा काढून घ्या. आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ब्रेक ऑइल घाला, इंजिन ऑइल घातलंत तर सगळी रबरं फुगतील.