साग्रा गावात करायची आहे: ३०० ताटं, पोलेंता जमेल का?

संत्रापट्टा
वरूड तालुक्यातलं गाव. बचत गटाच्या बायकांना जानेवारीत इटलीतल्या साग्रासारखी, म्हणजे गावानं भरवलेल्या खाण्याच्या जत्रेसारखी, एक संध्याकाळ करायची आहे. कूपन काढा, लांब टेबलावर बसा, जेवा. उरलेला पैसा वाचनालयाला. मका घरचाच, म्हणून पोलेंता (मक्याची भरड पाण्यात घट्ट शिजवलेली) ठरतोय. पीठ किती, गंज केवढा लागेल? झुंबड उडाली तर? पोरं म्हणतात पास्ता-पिझ्झाही ठेवा.

गल्ल्यावरचा
पास्ता-पिझ्झा काढून टाका भाऊ. साग्रा म्हणजे इटालियन हॉटेल नव्हे. गावच्या संताच्या जत्रेतून आलेला प्रकार आहे हा. आता बहुतेक एखाद्या पिकाच्या नाहीतर पदार्थाच्या नावानं भरतो. रोमजवळ मारिनोला १९२५ पासून द्राक्षांची साग्रा आहे, तिथं कारंज्यातून वाइन वाहते! भरवणारी मंडळी बहुधा गावचीच, 'प्रो लोको' म्हणतात त्यांना. अशी पहिली मंडळी १८८१ ची, उत्तर इटलीतल्या पिएवे तेझिनो गावची.

उचलायची ती तिथली कूपनाची रीत. आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती, पावती दाखवून ताट. वाढणाऱ्याच्या हाती पैसा द्यायचाच नाही. हातही स्वच्छ राहतो आणि हिशोबही. ३०० माणसांना दोन गल्ले हवेत. कूपनावर नंबर आणि वेळ छापा: ७, ७.४५, ८.३०, प्रत्येकी ९५. हातात १५ ताटं राखून ठेवा, सांडलवंड होतेच. लाउडस्पीकर १० ला बंद.

चुलीपाशी
आता पोलेंता. चक्कीचं बारीक पीठ नको, त्याची खळ होते. चक्कीवाल्याला पाट सैल करायला सांगा, रव्याएवढी भरड काढा, चाळून बारीक बाजूला करा.

एक किलो भरडीला चार लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. साधारण १७ ताटं होतात, पाव किलोची. म्हणजे १८ किलो भरड, पण एकदम नाही. सहा-सहा किलोचे तीन घाणे, दर वेळेला एक. घाण्याला २४ लिटर पाणी. गंज ५० लिटरचा घ्या, कमी नको, उतू जाण्यापेक्षा शिंतोड्याचीच भीती जास्त. घट्ट होताना बुडबुडे फुटतात आणि चटका खोल बसतो. सराटा लांब दांड्याचा, बाह्या पूर्ण.

पाणी खदखदलं की भरड मुठीमुठीनं भुरभुरवत सोडा, दुसरा माणूस सतत ढवळत राहील. एकदम ओतली की गोळ्याची बाहेरची साल शिजून बंद होते, आत कोरडं राहतं. ती गाठ नंतर फुटत नाही. मग आच मंद, ४५ मिनिटं. पऱ्हाटीचा जाळ भडकतो, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासाला निखाऱ्यावरच ठेवा. घट्ट होऊन काठ सोडायला लागला की झालं. अर्धवट उतरवला तर दाताखाली कचकच लागतो आणि पोटही दुखतं.

तिथं लाकडी पाटावर ओतून दोऱ्यानं कापतात, ते इथंही जमतं. पाट ओला करा, म्हणजे चिकटत नाही. जानेवारीत लवकर थंड होतो, वर ओलं फडकं टाका. उरला तर सकाळी चकत्या करून तव्यावर भाजा.

एक सांभाळा: तिथली तांब्याची कढई बिनकल्हईची असते, कारण पोलेंत्यात आंबट काही नसतं. तुमचा टमाट्याचा रस्सा तशा भांड्यात कधीच नको, तांबं उतरतं.

वऱ्हाडी रोडगा
हे सगळं खरं, पण पोलेंता काहून? साग्रा म्हणजे आपलाच पदार्थ ना? मग रोडगे अन् वांग्याची भाजी करा. गव्हाची भरड घट्ट मळा, किलोत १४ रोडगे बसतात. ताटाला दोन म्हणजे ४३ किलो. गोवऱ्या पेटवल्या की लगेच टाकू नका. जाळ अन् धूर पूर्ण सरला, नुसते निखारे उरले की टाका. नाहीतर बाहेर कोळसा, आत कच्चं. पालटत पाऊण तास. फोडून पाहा, मधे ओलसर रेघ दिसली तर परत निखाऱ्यात.

संत्रापट्टा
बायकांना रोडगे पटतील असं वाटतं. वांग्याची भाजी ३०० ला किती?

वऱ्हाडी रोडगा
३५ किलो वांगी धरा. आधीच चिरून ठेवाल तर पाण्यात, नाहीतर काळी पडतात.

चुलीपाशी
मग मक्याचा एकच घाणा ठेवा. लोकांनी चव घ्यायची, पहिल्याच वर्षी १८ किलोचा जुगार नको.