शब्दचर्चा : लसीतून ‘सूट’, ‘माफी’ की ‘मुभा’?

कॅलिफोर्नियातील शाळा आणि पाळणाघरांच्या लसीकरणविषयक सूचना तेथील मराठी पालकांसाठी मराठीत लिहून देण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे, आणि त्यातील ‘एक्झेम्प्शन’ या एका शब्दापाशी मी आठवडाभर अडून बसलो आहे. हाताशी सूट, सवलत, माफी, मुभा आणि अपवाद असे पाच शब्द आहेत, परंतु त्यांतला कोणताही एक सगळीकडे चालत नाही.

‘माफी’ लगेच बाजूला ठेवता येते. माफी होते ती फीची, कर्जाची, शेतसाऱ्याची, नाहीतर अपराधाची. लस हे कोणाचे देणे नव्हे. ‘करमुक्त’च्या धर्तीवर ‘लसमुक्त’ म्हणावे, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही.

राहिली ‘सूट’. वर्तमानपत्रे हाच शब्द वापरतात आणि नियमापुरता तो चुकीचाही नाही, पण सूट म्हटली की कानाला लाभ ऐकू येतो. येथे मूळ नियम पाहायला हवा. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडपासून गोवराची साथ पसरली आणि जून २०१५ मध्ये ‘एसबी २७७’ हा कायदा झाला. तोवर पालकांना आपल्या वैयक्तिक किंवा धार्मिक मतामुळे लस नाकारून मुलाला शाळेत घालता येत असे. १ जानेवारी २०१६ पासून असे नवे अर्ज घेणे बंद झाले. आता वर्गात बसणाऱ्या मुलासाठी, शाळा सरकारी असो वा खाजगी, फक्त वैद्यकीय कारण ग्राह्य धरले जाते.

म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी नांदत होत्या. पहिलीत लस देता येत होती, पण पालकांची इच्छा नव्हती. तिला मराठीत ‘मुभा’ म्हणावे, कारण मुभा दिली जाते आणि काढूनही घेतली जाते. दुसरीत इच्छेचा प्रश्नच नाही. कर्करोगाचे उपचार चालू असल्यामुळे ज्या मुलाची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, त्याला गोवराची लस टोचता येत नाही, कारण तिच्यात जिवंत, दुर्बळ केलेले विषाणू असतात. त्या मुलाच्या आईला ‘तुम्हाला सूट मिळाली आहे’ असे लिहून कळवणे मला सहन होत नाही. तिला काहीही मिळालेले नाही. उलट तिचे मूल वर्गातल्या इतर मुलांनी लस घेतली आहे की नाही यावर अवलंबून आहे. शिवाय शाळेत गोवराचा रुग्ण आढळला, तर लस न घेतलेल्या मुलाला २१ दिवसांपर्यंत घरी ठेवले जाऊ शकते, आणि ‘सूट’ हा शब्द वाचणाऱ्याच्या मनाची त्यासाठी तयारी करत नाही.

यासाठी मला ‘वर्ज्य’ हा शब्द सुचतो. अमुक औषध चालू असताना दूध वर्ज्य, उपासाला भात वर्ज्य, हे आपण रोज बोलतो. तसेच ‘वैद्यकीय कारणास्तव लस वर्ज्य’. कारण तात्पुरते असेल तेव्हा, आणि असा दाखला जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, ‘तूर्त वर्ज्य’ म्हणता येईल.

हा घोळ केवळ कोशातला नाही. पुण्याहून आलेल्या एका ताईंनी मुलाचे लसीकरणाचे कार्ड माझ्यापुढे ठेवून ‘आम्हाला सूट मिळेल का हो?’ असे विचारले. कार्डावर नवव्या आणि सोळाव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या नोंदी निळ्या शाईत व्यवस्थित होत्या. परंतु कॅलिफोर्नियात पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजत नाहीत, आणि त्या लसीत गालगुंडाचा अंश नसतो. त्यांना सूट नको होती, राहिलेले डोस हवे होते. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) टोचून घेतल्यावर पुढच्या डोसची तारीख घालून शाळेने मुलाला प्रवेश दिला. त्याला ‘सशर्त प्रवेश’ म्हणतात, आणि तो शब्द सूचनेत ‘सूट’पासून चार ओळी दूर ठेवलेला बरा.

प्रतिसाद : आपले म्हणणे पटले, तरी एक अडचण मांडते. अर्जाच्या मथळ्याला नाम लागते, आणि ‘वर्ज्यता’ कोणीही बोलत नाही. ‘वैद्यकीय अपवाद’ चालेल का? ‘अपवाद’मध्ये लाभाची छटा नाही आणि नियम इतरांना लागू राहतो, हेही त्यात येते.

उत्तर : ताई, ‘लोकापवाद’मधल्या निंदेच्या अर्थामुळे मी हा शब्द टाळत होतो, पण तो अर्थ आता फक्त त्या समासातच उरला आहे. मथळा आपला घेतो आणि वाक्य माझे ठेवतो : ‘वैद्यकीय अपवाद. या बालकास पुढील लस ............ या तारखेपर्यंत वर्ज्य आहे.’