मदत हवी आहे: कंट्रोल-सी मारलं की टर्मिनलचं जुनं टायटल परत येत नाही

मंडळी, एक बॅकअपची शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाईल) आहे, ती एकेका सर्व्हरवर जाते आणि ज्याचं काम चालू असेल त्याचं नाव विंडोच्या टायटलवर टाकते. माझ्या प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाईप करतो त्या ओळीत) टायटल बदलणारा कोड नाहीये, प्रत्येक विंडोला मी स्वतः नाव देऊन ठेवतो, त्यामुळे स्क्रिप्ट संपल्यावर ते नाव जसंच्या तसं परत यायलाच हवं, नाहीतर भलत्याच विंडोत कमांड मारली जायची भीती.

जुनं टायटल आधी वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवायचा विचार होता, पण टर्मिनलला टायटल विचारायची सोय एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्राममध्ये बाय डिफॉल्ट बंद असते आणि ते योग्यच आहे, कारण उत्तर कीबोर्डवर टाईप केल्यासारखं येतं, म्हणजे कोणी टायटलमध्ये काही घुसवलं तर ते थेट आपल्या प्रॉम्प्टवर येऊन पडणार. म्हणून आता सुरुवातीला एस्केप, उघडणारा चौकोनी कंस, २२, सेमीकोलन, ०, टी पाठवतो, त्याने टर्मिनल स्वतःच टायटल स्टॅकवर, म्हणजे आपल्याच साठ्यात, ठेवतं, आणि एक्झिटच्या ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी कमांड) तेच २२ ऐवजी २३ घालून पाठवतो, म्हणजे टायटल परत येतं. आउटपुट लॉग फाईलमध्ये जातं म्हणून हे सगळं थेट डेव्ह-टीटीवायवर, म्हणजे समोरच्या टर्मिनलवरच, लिहितो.

स्क्रिप्ट पूर्ण झाली की टायटल बरोबर येतं. मधेच कंट्रोल-सी मारून ती थांबवली तर फेडोरा लिनक्सवर येतं, डेबियन लिनक्सवर नाही! फाईल तीच, टर्मिनल तेच, पहिली ओळ (स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणारी) दोन्हीकडे बिन-एसएच. कुठे बघू?

प्रतिसाद १:
पहिल्या ओळीतच आहे बघा. फेडोरावर एसएच म्हणजे बॅश हा शेल, डेबियनवर डॅश हा वेगळा शेल. कंट्रोल-सीसारख्या सिग्नलने मरताना बॅश एक्झिटचा ट्रॅप चालवतो, डॅश चालवत नाही. एकतर पहिल्या ओळीत सरळ बॅश लिहा, नाहीतर इंटसाठी (कंट्रोल-सीचा सिग्नल) वेगळा ट्रॅप लावा ज्यात फक्त एक्झिट १३० असेल, आणि टर्मसाठी (साध्या किलचा सिग्नल) एक्झिट १४३. एक्झिट म्हटलं की तुमचा आधीचा ट्रॅप आपोआप चालतो, २३ वाली ओळ परत लिहायची गरज नाही. मी दुसरा मार्ग घेईन, उद्या कुठल्या मशीनवर बॅश नसलं तरी अडत नाही. किल -९ ला (सक्तीने बंद करणं) मात्र कुठलाच ट्रॅप लागत नाही.

धागाकर्ता:
दोन्ही ट्रॅप टाकले, डेबियनवर पण टायटल परत येतंय, खूप आभार! हीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) पण चालते, तिथे डेव्ह-टीटीवाय उघडतच नाही आणि एरर येते, ते कसं टाळू?

प्रतिसाद १:
सुरुवातीलाच एका सबशेलमध्ये (स्क्रिप्टने चालवलेला वेगळा शेल) डेव्ह-टीटीवाय उघडून बघा, एरर डेव्ह-नलला पाठवा, म्हणजे ती टाकून दिली जाते. नाही उघडलं तर टायटलचा सगळा भाग सोडून द्या, ट्रॅपसकट.